ऐकू आलं

पहिल्यांदाच वॉर्डात आलेल्या मेडिकलच्या मुलांना मी आज हृदयाची तपासणी शिकवत होते. खाटेवर सुमनबाई होत्या. हृदयाची झडप आकसल्यामुळे त्यांना सतत दम लागतो. त्यांच्या ठोक्यांमागून एक मंद घरघर येते, पण नवख्या कानाला ती सहसा सापडत नाही.

एकेक जण वाकून ऐकायचा आणि ओशाळून मागे सरायचा. मग मृण्मयी पुढे आली. तिने स्टेथोस्कोप तळव्यावर चोळून कोमट केला, छातीवर ठेवला आणि डोळे मिटले. एकदम तिचा चेहरा उजळला. "मॅडम, ऐकू आलं!"

तिचा आनंद पाहून सुमनबाईही हसल्या. "म्हणजे आता बरं आहे का गं, पोरी?"

मृण्मयीचं हसू मावळलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाईट वाटलं ते याचंच, की आम्हाला जे सापडलं म्हणून हर्ष होतो, ते त्या बाईच्या छातीत नसतं तर किती बरं झालं असतं. कान तयार करता येतो. सुमनबाईंच्या या प्रश्नाचं उत्तर मात्र इतक्या वर्षांत मला कुणालाच शिकवता आलेलं नाही.

"अजून नाही, मावशी," ती हळूच म्हणाली, आणि तिने त्यांचा घसरलेला पदर नीट खांद्यावर घातला.