दसऱ्याची काडतुसं

माझ्या रिव्हॉल्व्हरच्या सहा गोळ्यांनी आजवर दोन बिबटे लोळवले, चार दरोडेखोर पळवले आणि एक विमान खाली उतरवलं, असं मी गावाला सांगत आलो. विमानाचं हल्ली सांगत नाही.

निवडणुकीआधी परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. यंदा तिथल्या हवालदारबाईंनी माझं एकेक काडतूस फडक्यानं पुसलं. आधी तेल निघालं, मग कुंकू, त्याखाली हळद, त्याखाली पुन्हा कुंकू. दर दसऱ्याला मीच भक्तिभावानं चढवलेलं! खालचं पितळ हिरवं पडलं होतं.

"काका, तेल आत मुरलंय. यातलं एकही उडेल याचा भरवसा नाही. आणि परवान्यावर पहिल्यांदा घेतलेली ती हीच सहा ना?"

शेजारी बायको उभी होती. मला वाटलं, आता बिबट्यांवरून माझी खेचणार. ती हसलीसुद्धा नाही.

"अहो, मळ्यावर मी एकटी असायचे, तेव्हा हीच माझ्याजवळ ठेवून जायचात ना?"

एखाद्या गोष्टीची पूजा सुरू झाली की माणूस ती तपासायचं सोडतो. फडक्यावर वीस दसऱ्यांचा लाल रंग उतरला होता. मी त्याच्याकडेच बघत राहिलो. विमान खाली उतरवणारा मी, पण बायकोसमोर तोंडातून एक थापसुद्धा निघाली नाही.