मागच्या फळीवरचा डबा

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो — काहून सांगून राहिलो, ते नका विचारू.

महाल भागात माझं मेडिकल आहे. कंडोम, गोळ्या, प्रेग्नन्सी किट — जो जे मागेल ते मी देतो. वर न बघता, पेपरात गुंडाळून. काका काही विचारत नाहीत, असं गल्लीत नाव आहे माझं. घरीही सायलीला, माझ्या एकुलत्या एका पोरीला, लहानपणापासून सांगायचो — बापाला काहीही विचार, लाजायचं नाही. फार कौतुक होतं मला माझ्या मोकळेपणाचं! पोरीने ते खरं मानलं. का नाही मानणार?

कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. दुपारी गिऱ्हाईक नसताना दुकानात आली. एरवी सरळ आत यायची, त्या दिवशी काउंटरच्या बाहेरच उभी राहिली.

"बाबा, ती नंतर घ्यायची गोळी पाहिजे. गर्भ राहू नये म्हणून. मलेच पाहिजे."

मी म्हणालो, "संपली आहे वं."

डबा माझ्या मागच्या फळीवर होता. रविवारी ती मदतीला यायची, आदल्या रविवारी तिनेच तो तिथे लावला होता. तिने डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाली आणि गेली. भोगू दे जरा, असं मला वाटलं. हो — असंच वाटलं.

दुसऱ्या दुकानात ती जाणार कशी? महालातले सगळे मेडिकलवाले तिला माझी पोरगी म्हणून ओळखतात. तिला दिवस गेले. मैत्रिणीने कामठीहून कुणाकडून तरी गर्भ पाडायच्या गोळ्या आणल्या. किती घ्यायच्या, कशा घ्यायच्या, सांगणारं कुणी नव्हतं. रक्त थांबेना तेव्हा आम्ही दवाखान्यात नेलं. वाचली. नातेवाइकांना आम्ही टायफॉइड सांगितला.

तिथे ती आईला म्हणाली, माझंच चुकलं, मी कुणाला काही मागायच्या लायकीची नाही. बायकोला वाटलं, ग्लानीत बोलते आहे. मला कळलं. मी सलाइनकडे बघत राहिलो.

आता ती पुण्यात असते. फोनवर माझं बीपी विचारते. स्वतःचं काही सांगत नाही.

एक राहिलंच. तिला परत पाठवलं त्याच संध्याकाळी एक अनोळखी मुलगी आली, घाबरलेली. तीच गोळी मागितली. मी त्याच डब्यातून काढून दिली. कशी घ्यायची, ते नीट समजावलं. घाबरू नको बेटा, असंही म्हणालो.