भिंत दोघांची

बोटाच्या पेराने भिंतीवर दोनदा टकटक करायची आणि म्हणायचं, "घर तुमचं, भिंत दोघांची." ही आमच्या शेजारच्या सरांची सवय. जवळ भिंत नसली तर टेबलावर टकटक, तेही नसलं तर स्वतःच्या गुडघ्यावर. आमच्या मजल्यावरच्या पोरांनी त्यांची नक्कल करून करून ती टकटक इतकी गुळगुळीत केली होती की, मूळ माणसाचीच कधी कधी नक्कल वाटायची.

मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या हातात हातोडा होता. आम्ही सीबीडी बेलापूरला नुकतेच राहायला आलो होतो, नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. घड्याळ लावायला खिळा ठोकत होते, तेवढ्यात दार वाजलं. दारात इस्त्रीचा शर्ट घातलेला, साठी उलटलेला एक उंच माणूस. शेजारचा आहे म्हणाला, ठोकणं जरा थांबवाल का म्हणाला. मला आला राग. दिवसभर सामान लावून कंबरडं मोडलेलं. मी म्हटलं, माझ्याच घरात खिळा ठोकायला तुमची परवानगी लागते की काय? त्यांनी शांतपणे चौकटीवर टकटक केली, ते वाक्य म्हटलं आणि मला पलीकडे नेलं. बघते तर काय, माझ्या खिळ्याचं टोक त्यांच्या बैठकीच्या भिंतीतून बाहेर आलेलं. कपाळ माझं! भिंती कसल्या त्या, पापडच. मी खिळा उपटायला निघाले तर नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्या टोकावर त्यांनी कॅलेंडर अडकवलं. पुढे कुणीही आलं की दाखवायचे, "हा आमचा सामायिक खिळा."

त्यांना सगळे सर म्हणत, मीही तेच म्हणते. नाव सांगत नाही. मुंबईच्या एका लॉ कॉलेजात त्यांनी आयुष्यभर आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला, निवृत्त झाल्यावर हा फ्लॅट घेतला. बायको आधीच गेलेली, एकुलती मुलगी लग्न होऊन अमेरिकेत. घरात पुस्तकं आणि ते.

आमच्या ह्यांना सरांना डिवचायला फार आवडे. "सर, तुमच्या कायद्याला पोलीस नाही, तुरुंग नाही. मनात आलं तर देश पाळणार, नाही तर फाट्यावर मारणार. ह्याला कायदा म्हणायचा?" सर हसायचे. हा प्रश्न दर वर्षी पहिल्या तासाला कुणीतरी विचारतंच, म्हणायचे. तेव्हा जवळच्या दिवाळे गावातली एक कोळीण मावशी आमच्या बिल्डिंगीत मासळीची टोपली घेऊन यायची. सर पक्के शाकाहारी, पण मावशी आली की जिन्यात तिच्याशी गप्पा मारत बसत. खाडीत कुणाचं जाळं कुठे लावायचं हे दिवाळ्यात ठरलेलं असतं, त्याला सरकारी कागद नसतो, हे त्यांना तिच्याकडूनच कळलं होतं. ह्यांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून त्यांनी मावशीलाच विचारलं, "दुसऱ्याच्या जागी कुणी जाळं टाकलं तर कोण बघतो?" मावशी कोळंबी निवडता निवडता म्हणाली, "कोन बगतो म्हंजे? सगलीच बगतात. त्याला मंग त्याच खाडीत ऱ्हायाचा हाय ना?" सरांनी ह्यांच्याकडे असं पाहिलं की जसा काही खटलाच जिंकला.

सोसायटीच्या मीटिंगांना तर मजा असे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी जिन्यासमोरची मोकळी जागा ग्रिल लावून आत घेतली होती. विचारलं की छाती पुढे काढून सांगायचे, माझ्या दारापुढची जागा माझी, मला कोण सांगणार? सर म्हणाले, "देशही अगदी असंच बोलतात. फक्त इंग्रजीत." सगळे हसले. ग्रिल काही निघालं नाही.

सरांना चिडलेलं मी एकदाच पाहिलं. आमच्याकडे चहाला बसले होते. पेपरात बातमी होती, परदेशातल्या कुठल्याशा आईबापांच्या भांडणात मूल एका देशातून दुसऱ्या देशात पळवून नेल्याची. सर सांगायला लागले की, ह्यासाठी बऱ्याच देशांनी मिळून करार केलाय. मूल आधी जिथलं तिथे परत पाठवायचं आणि आईबापांचं भांडण तिथल्या कोर्टात मिटवायचं. आपल्या देशाने त्यावर सही केलेली नाही. हे लगेच म्हणाले, बरंच केलं की. आपली मुलं, आपली कोर्टं, दुसऱ्यांनी आपल्याला का शिकवावं? सर एकदम ताडकन उठले. "उद्या तुमचं मूल कुणी उचलून तिकडे नेलं आणि तेही असंच म्हणाले, तर?" चहा अर्धा टाकून निघून गेले. हे म्हणाले, म्हातारा तापला आज.

त्यानंतर वर्षभरात त्यांची मुलगी आली. दोन मोठ्या बॅगा आणि पाच वर्षांची नात. सुट्टीला आली असं आम्ही धरून चाललो. पण सुट्टी संपेना, आणि जावयाचे फोन माझ्याकडे यायला लागले.

फोनचं सांगायला हवं. तेव्हा फोनसाठी नंबर लावून वाट बघावी लागे. आमच्या मजल्यावर फोन एकट्या माझ्याकडे, त्यामुळे अख्ख्या मजल्याच्या पत्रिकांवर, बायोडेटांवर माझाच नंबर, पुढे पी.पी. लिहिलेला, म्हणजे शेजाऱ्यांचा फोन. फोन आला की मी जाऊन हाक मारायची, नाही तर भिंत वाजवायची. सरांचा अमेरिकेतला फोन आधीपासून माझ्याकडेच यायचा. त्यामुळे जावयाचा आवाज मला ओळखीचा. तो मला काकू म्हणायचा.

हळूहळू कळलं ते असं. दोघांचं पटत नव्हतं. तिकडच्या कोर्टाने पोर दोघांकडे आलटून पालटून ठेवायला सांगितली होती आणि परवानगीशिवाय देशाबाहेर न्यायची नाही असं बजावलं होतं. ही घेऊन आली. नवऱ्याच्या व्हिसावर तिकडे गेलेली बाई, तिला नोकरीची परवानगी नाही, माहेरचं माणूस नाही, ताप आला तर पाणी द्यायला कुणी नाही. माझं विचाराल तर मी पहिल्या दिवसापासून तिच्या बाजूने. जावई काही वाईट माणूस नव्हता, हेही खरं. मारणं नाही, पिणं नाही. पण तिकडच्या कोर्टाने पोर परत पाठवा असा हुकूम काढला, आणि तो हुकूम घेऊन त्याने मुंबईला हायकोर्टात केस घातली.

मुलीचा वकील सरांचाच विद्यार्थी निघाला. सरांच्या बैठकीत, त्या कॅलेंडरखाली बसून बोलणी चालली होती. चहा न्यायला म्हणून मी गेले आणि तिथेच रेंगाळले. वकील उत्साहात होता. "सर, काळजीच नको. आपण त्या करारात नाही. त्यांच्या कोर्टाचा हुकूम आपल्या कोर्टावर बंधनकारक नाही. तुम्हीच शिकवलंय."

"मी दोन्ही बाजू शिकवल्या होत्या," सर म्हणाले.

वकिलाला हवं होतं सरांचं प्रतिज्ञापत्र. मुलीला आणि नातीला मी सांभाळीन, माझं घर त्यांचं घर आहे, एवढंच. सरांच्या कपातला चहा गार होत चाललेला. मुलगी त्यांच्यासमोर जमिनीवर येऊन बसली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तुमच्या वर्गात मी कधी बसले नाही. मला एवढंच सांगा, मी परत जाऊ का?"

सरांनी सही केली.

निकाल मुलीच्या बाजूने लागला. पोरीचं भलं इथे आईजवळ आहे, बापाला वाटलं तर त्याने इथे येऊन भेटावं, असं काहीसं. सोसायटीत पेढे वाटले, ते त्याच ग्रिलवाल्या गृहस्थांनी. म्हणे आपल्या कोर्टाने अमेरिकेला दाखवून दिलं! सरांनी पेढा घेतला, दोन बोटांत धरून थोडा वेळ उभे राहिले आणि खिशात टाकला. मी म्हटलं, सर, सुटलात. ते म्हणाले, "हो. निकाल बरोबरच असेल." मग म्हणाले, "त्याची मुलगी गेली हो." त्यानंतर कित्येक महिने मी ती टकटक ऐकली नाही. ग्रिलवाल्यांनी आणखी दोन फूट जागा आत घेतली तरी सर मीटिंगमध्ये काही बोलले नाहीत.

जावई चिडून परत गेला. रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा, तिकडे शनिवारची रात्र. मी शेजारी जाऊन सांगायचे, मुलगी म्हणायची, नाही बोलायचं. माझ्या घरात त्याचा विषय नको. मी येऊन त्याला खोटं सांगायचे, झोपलीय, बाहेर गेलीय. तो म्हणायचा, बरं काकू. तीन-चार रविवार असे गेले आणि मला नको नको झालं.

मग एका संध्याकाळी सर आले. बसले नाहीत. म्हणाले, "तुमची बैठक मला रविवारी थोडा वेळ हवी आहे. तटस्थ भूमी म्हणून." मला हसूच फुटलं, पण त्यांचा चेहरा बघून आवरलं. आमचं घर कसलं डोंबलाचं तटस्थ! मी मुलीच्या बाजूने, हे जावयाच्या, आणि आमच्यात त्यावरून जेवताना रोज खडाखडी. पण मी हो म्हटलं. विचारलं, तिला माहीत आहे? म्हणाले, "चोरून करणार नाही. तिला सांगितलंय, तुझ्या हद्दीत तुझा शब्द. भिंतीपलीकडे मी नेईन."

"मग ती काय म्हणाली?"

"काही म्हणाली नाही. त्यालाच मी संमती धरतो आहे."

झालं. दर रविवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून, नातीच्या दोन शेंड्या बांधून तिला घेऊन यायचे. शेंड्या त्यांनीच बांधलेल्या, एक कानावर, एक डोक्यावर. फोन वाजला की उचलून फक्त म्हणायचे, "आहे. देतो." जावयाशी त्याहून एक शब्द जास्त नाही. मग रिसीव्हर पोरीच्या हातात देऊन लांब खिडकीशी जाऊन उभे राहायचे, पाठ करून. पोर बापाला सगळं सांगायची, पडलेला दात, शाळेतल्या बाई, मावशीच्या टोपलीतला खेकडा कसा सटकला ते. इंग्रजीत सुरू करायची आणि मराठीत संपवायची.

आणि फोन सुरू झाला रे झाला की पलीकडे मिक्सर लागायचा. भिंत पापडाची, सांगितलंच. इकडचं तिला ऐकू यायला नको, की तिचं रडणं आम्हाला ऐकू यायला नको, देव जाणे. फोन चालू आहे तोवर मिक्सर चालू. पोर ओरडून बोलायची, "डॅडी, आई चटणी करते!" दर रविवारी एवढी चटणी हे तिघं खात तरी कधी होते? सर पाठमोरेच हसायचे. मी पोळ्या लाटता लाटता डोळे पुसायचे.

पुढे पुढे मिक्सर उशिरा लागायला लागला. आधी पोरीचं निम्मं बोलणं झाल्यावर, मग शेवटी शेवटी. एका रविवारी लागलाच नाही. फोन झाला, सर नातीचा हात धरून दाराशी गेले आणि जाता जाता माझ्या भिंतीवर त्यांनी दोनदा टकटक केली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू.

सर गेले ते अठ्ठ्याण्णवच्या आसपास. कसला गाजावाजा नाही, दवाखान्यात दोन दिवस, आणि संपलं. दिवाळ्याची मावशी आली होती. टोपली खाली जिन्यात ठेवून आली, वर आणली नाही. सर मासे खात नव्हते म्हणून.

नंतरचा रविवार. मी पोळ्यांची कणीक मळत होते आणि फोन वाजला. मेले, माझ्या डोक्यातच नव्हतं. कणकेच्या हाताने उचलला. फोनवर जावई नेहमीच्या "आहे, देतो"ची वाट बघत होता. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. सांगू काय त्याला? आणि पोरीला आता आणणार कोण? मी म्हटलं, जरा थांब बाळा. रिसीव्हर बाजूला ठेवला आणि काय करावं ते न कळून भिंतीवर पेराने दोनदा टकटक केली. हाताची कणीक भिंतीला लागली.

पलीकडे काहीच आवाज नाही. मिक्सरही नाही. मी तशीच उभी. फोनचं मीटर त्याचं पळतंय, आणि मी भिंतीकडे बघत उभी.

मग दार वाजलं. दारात सरांची मुलगी. नातीचा हात धरलेला, पोरीच्या दोन्ही शेंड्या सरळ, एका उंचीच्या. सहा-सात वर्षं शेजारी राहून ती रविवारी माझ्या बैठकीत पहिल्यांदा आली होती. सरळ फोनपाशी गेली, रिसीव्हर उचलला, कानाला लावला.

"आहे," ती म्हणाली. "देते."

पोरीच्या हातात रिसीव्हर दिला आणि खिडकीशी जाऊन, पाठ करून उभी राहिली.