तात्यांचा पाय

"पाय टेकू नको! टेकलास तर पेठपर्यंत चालत नेईन!"

ही आरोळी सावळघाटातल्या एका वळणावरून निघाली ती गुजरातच्या हद्दीवर जाऊनच आपटली असणार. कारण समोरून येणारा ट्रक जागच्या जागी थांबला आणि ड्रायव्हरनं दचकून आधी स्वतःचे पाय तपासले. आरोळी माझ्यासाठी होती. मी त्या वेळी सायकलवर बसलो होतो असं म्हणणं हा सायकलचा अपमान होईल; मी तिच्यावर वाळत घातलेला होतो. आणि ओरडणारे तात्या? ते रस्त्याच्या कडेला, सायकल झाडाला लावून, दोन्ही पाय जमिनीत खांबासारखे रोवून, एका करवंदं विकणाऱ्या बाईशी तिच्या जावयाच्या नोकरीबद्दल बोलत उभे होते.

"तात्या, तुमचा पाय?" मी उरलेल्या श्वासात विचारलं.

"माझा टेकलाय म्हणून तर सांगतोय! अनुभवी माणसाचं ऐकत जा जरा!"

तात्या मूळचे नामपूरचे. तरुणपणी नाशकात आले, कांद्याची आडत टाकली, आणि साठी ओलांडल्यावर रक्तातली साखर कांद्याच्या भावासारखी उसळली तेव्हा डॉक्टरांच्या धाकानं सायकल घ्यायला गेले. दुकानदारानं मोठ्या अभिमानानं एक सायकल एका बोटावर उचलून दाखवली. तात्यांनी ती हातात घेतली, पोतं तोलावं तशी दोनदा वरखाली केली आणि म्हणाले, "हिच्यात तर कायच नाय. मग पैसे कशाचे घेतोस?" शेवटी त्यांनी दुकानातली सगळ्यात जड सायकल घेतली. माल भरीव पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं.

पोशाखाचंही तसंच. खाली आमच्यासारखीच घट्ट काळी सायकलची चड्डी, पण वर मात्र कायम पांढरा, खिशाचा शर्ट. "खिसा नसला तर तो कपडा नाय, पट्टी आहे. दवाखान्यात बांधतात तसली," असं त्यांचं मत होतं. या वेशात ते दिंडोरी रोडनं निघाले की समोरून येणारी म्हैससुद्धा रस्ता सोडायची. मी प्रत्यक्ष पाहिलंय. एक तर पुन्हा गोठ्यातून बाहेर यायलाच तयार नव्हती.

आमच्या रविवारच्या टोळीत मी, दातांच्या डॉक्टर वैशालीताई आणि संगणकाच्या कंपनीतला चिन्मय. चिन्मयच्या मनगटावर एक घड्याळ होतं. ते वेळ सोडून सगळं सांगायचं. "तात्या, इथं चढ आठ टक्के आहे," तो म्हणायचा. तात्या म्हणायचे, "टक्के आडतीत असतात. चढाला दम असतो." तात्यांना किलोमीटर मान्य नव्हते, नकाशा मान्य नव्हता. ते रस्ता पिकांवरून सांगायचे. "द्राक्षं संपली की डावीकडं. टोमॅटो लागला की उजवीकडं. भात दिसला की समजायचं, आता घाट." एका वर्षी कोपऱ्यावरच्या शेतकऱ्यानं टोमॅटोऐवजी फ्लॉवर लावला आणि वैशालीताई एकट्याच सरळ वणीला जाऊन पोहोचल्या. तात्यांनी चूक त्या शेतकऱ्याच्या माथी मारली. "लावायच्या आधी कळवायला नको?"

त्यांचं खरं दुखणं होतं माणसं. रस्त्यात माणूस दिसला आणि तात्या न थांबता पुढं गेले, असं कधी झालं नाही. कादवेच्या पुलावर मासे धरणारा, वाघेऱ्याच्या घाटात शेळ्या वळणारी आजी, नागलीच्या शेतातली बाई, कुणीही चालायचं. आणि माणूस नसेल तिथं नाक. रस्त्यापासून लांब, बांधाच्या पलीकडं कांदा साठवायची चाळ असली की तात्या सायकलवरच मान वर करायचे. "तिसऱ्या कप्प्यात खालून सडलाय." मग तिथं जायचं, मालकाला झोपेतून उठवायचं, कप्पा उघडायला लावायचा. कांदा खरंच सडलेला निघायचा. मालक आधी शिव्या द्यायचा, मग चहा पाजायचा. आम्ही सकाळी निघून मिसळ खायला दहाला पोहोचायचं ठरवायचो आणि दुपारच्या जेवणाला पिठलं-भाकरी खात कुणाच्या तरी ओट्यावर बसलेले असायचो.

या थांबण्यामुळंच तात्यांची एक इच्छा अडली होती. टोळीत एक नियम होता आणि तो केला होता तात्यांनीच: सावळघाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत पाय न टेकता जो चढेल, हिवाळ्यातल्या मोठ्या सफरीचा रस्ता त्यानं ठरवायचा. दरवर्षी चढायचा फक्त चिन्मय आणि दरवर्षी ठरवायचा सापुतारा, कारण तिथल्या हॉटेलात पोहायचा तलाव होता. मी आणि वैशालीताई अर्ध्यातच गळायचो. वैशालीताई तर कायम एकाच वळणावर. तिथल्या दगडाला आम्ही त्यांचा दवाखाना म्हणायचो.

तात्यांना न्यायचं होतं आम्हाला नामपूरला. "भावडबारीचा घाट उतरला की देवळा. लोहोणेरला गिरणा ओलांडायची. सटाण्यावरून पुढं मोसम नदीच्या काठानं सरळ आमच्या आक्काच्या अंगणात!" हे सांगताना त्यांचा आवाज इतका खाली यायचा की फक्त अर्ध्या तालुक्याला ऐकू जायचा. आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. ती फोनवर त्यांना चिडवायची, "चड्डी घालीसन सायकल चालवस म्हणे! चढावर कोण ढकलस रे भो तुले?" तिच्यासमोर सगळ्या टोळीसकट, स्वतःच्या पायांनी, घंटा वाजवत जायचं, एवढंच त्यांना हवं होतं. मी एकदा म्हणालो, "तात्या, नियम जाऊ द्या, जाऊ ना नामपूरला." त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की मी जणू ओला माल कोरडा म्हणून खपवायला आणलाय.

मग गुडघ्यांनी दगा दिला. दोन्ही बदलायचे ठरले. सर्जननं सांगितलं, पुढं सपाटीवर थोडी चालवा, घाट मात्र बंद. ऑपरेशनच्या आधीचा रविवार हा तात्यांचा शेवटचा सावळघाट होता.

त्या दिवशी त्यांनी गालात मूठभर आवळासुपारी कोंबली, बोलायलाच नको म्हणून. पायथ्याच्या टपरीवाल्यानं हाक मारली, "तात्या, च्या टाकू?" तात्या गप्प. एसटीच्या खिडकीतून कंडक्टर ओरडला, "तात्या, यंदा कांद्याचं काय?" गप्प. डोळे तेवढे एसटीच्या मागं थोडं अंतर धावले आणि परत आले. एका म्हातारीनं तर सरळ त्यांच्या सायकलबरोबर चालत चालत सुनेची तक्रार सुरू केली. चढावर म्हातारी तात्यांपेक्षा जोरात होती, त्यामुळं तक्रार संपवून ती पुढं निघून गेली. तात्यांच्या कानांच्या पाळ्या जांभळ्या झाल्या, पण पाय वरच. चिन्मयचं घड्याळसुद्धा आकडे सांगायचं विसरलं.

शेवटचं वळण आलं. माथ्यावरच्या झोपडीचं छप्पर दिसू लागलं. कडेला एक पिकअप बंद पडलेली होती. बॉनेट उघडं, मागं गच्च ताडपत्री, आत ड्रायव्हर झोपलेला. तात्या तिच्या बाजूनं जाऊ लागले. आणि मान वर झाली.

"तात्या, नको!" वैशालीताई ओरडल्या.

ब्रेक लागले. दोन्ही पाय खाली. सुपारी दरीत. "अरे ए! ताडपत्री काढ! वारा लागू दे मालाला! घुसमटून सडतोय तो!" ड्रायव्हर उठून बाहेर येईपर्यंत तात्यांनी दोर सोडलेसुद्धा होते. ताडपत्री उचलली आणि आम्ही सगळे एकदम मागं सरलो.

कोंबडखत होतं.

ड्रायव्हरनं एकदा खताकडं, एकदा तात्यांच्या चड्डीकडं पाहिलं. "काका," तो म्हणाला, "ते सडलेलंच असतंय."

आम्ही रस्त्यावर लोळून हसलो. तात्याही हसले, मग हसता हसता त्यांचं लक्ष पायांकडं गेलं. चिन्मय तत्काळ म्हणाला, "हा पाय धरायचा नाही. आणि मी यंदा नामपूरच निवडतो."

"टेकला तो टेकला," तात्या म्हणाले. "माझ्या गावाला कुणी माझी कीव करत यायचं नाय. तू सापुताऱ्याला जा, डुंब." राहिलेला चढ ते सायकल हातात धरून चालत गेले. वाटेत भेटलेल्या गुराख्याशीही बोलले नाहीत.

ऑपरेशन नीट झालं. आडत मुलाकडं दिली आणि तात्या नामपूरला आक्काकडं जाऊन राहिले. तेव्हापासून आमची टोळी दहाच्या ठोक्याला मिसळीवर हजर असते. कुठंही थांबत नाही, कुणाशी बोलत नाही. कादवेच्या पुलावर कोण काय धरतो, कुणास ठाऊक. असं वेळेत पोहोचण्यासारखा कंटाळा दुसरा नाही.

एक वैशालीताई तेवढ्या काहीतरी ठरवून होत्या. दर रविवारी आमच्या आधी येऊन घाटात जायच्या. दवाखान्याचं वळण गेलं, पुढचं गेलं. यंदाच्या थंडीत, आम्ही दोघं मागून बघत असताना, त्या तळापासून माथ्यापर्यंत चढल्या. चेहरा बिटासारखा, पण पाय शेवटपर्यंत वर. झोपडीपाशी पोहोचून धाडकन बसल्या आणि पहिला फोन नामपूरला लावला.

"तात्या, चढले! पाय न टेकता! दोन साक्षीदार आहेत. रस्ता मी ठरवायचा आहे आणि मी नामपूर ठरवलंय. ही कीव नाही हं, नियम आहे. तुमचाच!"

आम्ही तिघं फोनवर वाकलो.

"दुपारचं येऊ नका," तात्या म्हणाले. "देवळ्याच्या पुढं वारा तोंडावर असतो."