आतोबांचं लसणाचं पाणी

लसणाच्या पाण्याने बरा होत नाही असा आजार आमच्या आतोबांनी आयुष्यात एकदाही मान्य केला नाही. किन्हवलीतल्या त्यांच्या घरात रोज संध्याकाळी दहा-बारा पाकळ्या ठेचून काचेच्या बरणीत भिजत पडायच्या आणि सकाळी ते पाणी धोतराच्या फडक्यातून गाळलं जायचं. मग वाटप सुरू. सर्दीला, जंतांना, दुखऱ्या गुडघ्यांना, मरगळलेल्या कोंबड्यांना आणि मावा पडलेल्या मिरचीच्या रोपांना औषध एकच, फरक फक्त मापाचा. कोंबडीला दोन थेंब, मिरचीला तांब्याभर आणि सुट्टीला मुरबाडहून आलेल्या भाच्याला, म्हणजे मला, पेलाभर. शहापूरच्या डॉक्टरांशी त्यांचं भांडण नव्हतं. "गोळीनं ताप उतरतो," ते मोठ्या मनाने म्हणायचे, "पन पुन्ना येऊ नाय म्हनून काय करतो तुझा डाक्टर?" एसटीत शेजारचा नुसता शिंकला तरी ते त्याचं गाव, घर विचारून कृती सांगायला लागत. तो पुढच्या थांब्यावर उतरला की खिडकीतूनही सांगत.

आत्या या सगळ्याला वैतागलेली होती, पण तिची खरी काळजी वेगळीच होती. एकुलती एक मुलगी सुमन पंचविशीला आली होती आणि दोन स्थळं बघून गेली ती परत फिरकली नव्हती. मी कॉलेजात होतो त्या वर्षी श्रावणात शेणवा गावचं स्थळ आलं. मुलगा चांगला, नोकरीला, घरची भातशेती. आत्याने सकाळीच नवऱ्याला बजावलं, "आज त्या बरणीला हात लावाचा नाय." आतोबांनी मान डोलावली.

पाहुणे ओटीवर बसले आणि मुलाचे वडील खोकले. त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ आम्हा सगळ्यांना दिसली, आतोबांना फक्त खोकला ऐकू आला. ते उठून आत गेले, पेला भरला आणि सुमनच्या हातात देऊन म्हणाले, "त्यांना दे, पानी." ती बिचारी खाली मान घालून देऊन आली. चातुर्मासात लसणाला हातही न लावणाऱ्या त्या माणसाने पहिला घोट घेतला आणि क्षणभर थांबून सगळा पेला रिकामा केला. वास माझ्यापर्यंत आला. आत्या दारातच खाली बसली. पाहुण्यांनी पोहे कसेबसे संपवले, "कळवतो" म्हणाले आणि गेले.

आठ दिवस झाले तरी वाण्याच्या दुकानातल्या फोनवर निरोप नाही. सुमन बापाच्या पानात वाढताना त्यांच्याकडे बघायची बंद झाली. आतोबा कुणापुढे वाकणाऱ्यातले नव्हते. नवव्या दिवशी मात्र त्यांनी धुतलेली टोपी घातली आणि मला बरोबर घेऊन शेणव्याची गाडी पकडली.

मुलाच्या वडिलांपुढे त्यांनी हात जोडले. "चूक माजी हाय. पोरीला म्हाईत पन नव्हता. तिला नका नाकारू."

"पयल्या घोटालाच कळला मना," ते गृहस्थ शांतपणे म्हणाले. "पन पोरीनं हातात दिलेला पानी अर्धा ठेवून उठलो असतो, तर गावात काय बोलले असते? पोर पसंत नाय म्हनून. दोन दिवस प्रायश्चित्त म्हनून केळ्यांवर काढले, झाला. आमी मुलाच्या मामाची वाट बघत होतो, तो काल आला. पोर पसंत हाय आमाला."

आतोबांनी जोडलेले हात खाली घेतले. मग त्यांनी हळूच विचारलं, "खोकला कसा हाय?"

"कमी हाय."

मला वाटलं, आता परतीच्या गाडीत कुणाची सुटका नाही. पण ते खिडकीबाहेर बघत राहिले. मागच्या बाकावर एक म्हातारी सारखी खोकत होती, त्यांनी वळूनही पाहिलं नाही. किन्हवली जवळ आली तेव्हा म्हणाले, "शेणवा तसा जवळच ना रे?"

"अर्ध्या तासावर तर आहे, आतोबा."

"हाय खरा जवळ," ते म्हणाले आणि टोपी काढून तिनेच डोळे पुसले. "पन पोर रोज नाय दिसाची."

मी त्यांचा हात धरला.