लाल गाडी कोण चालवत होतं

लातुरात मंजुश्रीबाईंचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. तिथे शिकायला येणाऱ्या बायका गाडीला कमी आणि बाईंना जास्त भितात. उगाच क्लचवर पाय ठेवून कुणी गाडी रेटली, की बाजूच्या सीटवरून बाई अशा कडाडतात की चौकातला पोलीससुद्धा शिट्टी विसरून वळून बघतो. बाईंचा राग नाकावर असतो, असं लोक म्हणतात. म्हणायला लोकांचं काय जातं? तो राग तिथे कुणी आणून बसवला, हे विचारायची तसदी मात्र आजवर एकानंही घेतलेली नाही.

बाईंचे वडील चन्नबसप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, धान्याच्या मोंढ्यातले अडत दुकानदार. माणूस एरवी हिशेबी, पण एका गोष्टीत वेडा. हैदराबादच्या एका जुन्या घराण्याकडून त्यांनी लाल रंगाची, दोनच माणसं बसतील अशी परदेशी स्पोर्ट्‌स गाडी उचलून आणली होती. तिकडे नांदेडात रेणुकादास वकिलांकडे तशीच एक काळी गाडी होती, आखातातल्या भावानं पाठवलेली. ती लांबलचक, जमिनीला टेकलेली, आणि इंजिन जवळजवळ दीडपट ताकदीचं. दोघं कुठेही भेटले की वाद एकच. वकील इंजिनाचे आकडे फेकायचे आणि अप्पा म्हणायचे, "कागदावर तुमची पळत असंल, रस्त्यावर माझी पळते."

तीस एक वर्षांपूर्वी नांदेडच्या एका लग्नात हा वाद हातघाईवर आला आणि शर्यत ठरली. जेवणं झाली की निघायचं आणि जो आधी लातूरच्या गंजगोलाई चौकात पोचेल, त्याची गाडी खरी. पुढचं सगळ्या जिल्ह्याला पाठ आहे. अप्पा पहिले आले, हॉटेलात बसून चहा प्याले, दुसरा मागवला, तेव्हा कुठे वकिलांची काळी गाडी धुळीनं पांढरी होऊन आली. प्रत्येक लग्नकार्यात अप्पा मिशीवर हात फिरवत हे सांगतात आणि ऐकणारे मांडीवर थाप मारतात.

धडधडीत खोटं आहे ते.

लोह्याच्या पुढपर्यंत, शेजारी लेक मंजूला बसवून, अप्पांनी गाडी चालवली, हे खरं, आणि ते मागे पडले, हेही खरं. सरळ रस्त्यावर काळी गाडी बघता बघता नजरेआड झाली. त्यात लग्नातलं जेवण अप्पांना बाधलं. अहमदपूरच्या अलीकडे ते बाभळीआड जाऊन आले आणि पोट धरून बाजूच्या सीटवर कोसळले. "मंजू, तूच घे आता. पर हळू चल."

मंजू तेव्हा एकोणीस वर्षांची. गाडी तिला अप्पांनीच हौसेनं शिकवलेली. ती कसली हळू चालतेय! अहमदपूरनंतर रस्ता उखडलेला होता. तिथे मोठं इंजिन घेऊन चाटायचं आहे का? काळ्या गाडीचं पोट खड्ड्याखड्ड्याला घासायचं, वकील जीव मुठीत धरून पहिल्या गिअरमध्ये. लाल गाडी अंगानं हलकी. दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली की खड्ड्यातून अशी उसळून निघायची, आणि वळणावर तर बोटाच्या इशाऱ्यावर वळायची. लातूर रोड स्टेशनाजवळचं रेल्वे फाटक बंद होतं, तिथे मंजूनं वकिलांना गाठलं. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. वकिलांनी मान वळवली, आधी स्टिअरिंगवरच्या हातांतल्या, लग्नासाठी भरलेल्या बांगड्या पाहिल्या, मग मंजूचा चेहरा पाहिला. मंजू हसली. वकिलांनी काच वर केली.

फाटक उघडल्यावर वकिलांना लाल गाडीचे मागचे दिवे तेवढे दिसले, आणि तेही फार वेळ नाही.

लातूरची वेस आली तेव्हा अप्पा उठून बसले. "थांब. हितून मी घेतो. लग्नाची पोरगी तू, लोक काय म्हनतील?" मंजू मुकाट्यानं उतरली आणि बाजूला जाऊन बसली. गोलाईत हार पडले ते अप्पांच्या गळ्यात. पुढे तिच्या स्वतःच्या लग्नात अप्पांनी व्याह्यांना हीच शर्यत रंगवून सांगितली आणि ही बोहल्यावर मूग गिळून बसली. फाटकावर वकिलांचं तोंड कसं उतरलं होतं, तेसुद्धा अप्पा सांगायचे. पाहिलं होतं कुणी? हिनं. डोळे मिटून कण्हत पडलेल्या माणसाला काय दिसणार होतं!

गेल्या हिवाळ्यात बाईंच्या भावाच्या मुलानं, वीरेशनं, जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांचा मेळावा भरवला. औसा रोडला एक मोठं प्लॉटिंग पडलंय. गुळगुळीत डांबरी रस्ते, जागोजागी स्पीड ब्रेकर, मागच्या अंगाला कच्चा मुरूम आणि घर म्हणाल तर एकही नाही. कोणत्या गाडीचे कागदावरचे आकडे रस्त्यावर उतरतात, ते तिथे बघायचं ठरलं. रेणुकादास वकील काळी गाडी घेऊन आले. चालवायला त्यांचा मुलगा गंधार. लाल गाडीतून बाई अप्पांना घेऊन आल्या. वीरेशच्या या अज्जाला मांडवात मानाची खुर्ची.

वीरेशनं हात पुढे केला. "आत्या, किल्ली दे. मी घेतो."

"का? तुझे हात काय सोन्याचे हायत?"

"तसं न्हाई गं. अज्जाची इज्जत हाय, आज जिंकायलाच पाहिजे."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रोज बायकांना गाडी शिकवणारी बाई त्याच्यासमोर उभी होती, आणि हे कालचं पोरगं तिला इज्जत सांगत होतं! बाई गाडीत बसल्या आणि त्यांनी दार आपटलं.

सरळ पट्ट्यात काळी गाडी सुसाट पुढे गेली, जायचीच होती. मग स्पीड ब्रेकर आले. गंधार प्रत्येक ठिकाणी गाडी तिरपी करून, पोट सांभाळत उतरवू लागला. बाईंनी त्याला मुरमाच्या वळणावर मागे टाकलं आणि मांडवापाशी परत आल्या, तेव्हा तो अजून धुळीत होता.

लोक धावले. कुणाकडे? अप्पांकडे. हार त्यांच्या गळ्यात. वीरेश माइकवर ओरडत होता, "अज्जा, ती नांदेडची शर्यत सांगा!"

बाई गर्दीतून वाट काढत समोर जाऊन उभ्या राहिल्या. "सांगा अप्पा. पर आज खरं सांगा."

अप्पांनी लेकीकडे पाहिलं. वीरेशकडून माइक घेतला. "त्या दिशी गाडी म्या न्हाई चालवली. माझ्या मंजूनं चालवली. मी पोट धरून पडलो होतो."

 मग कुणीतरी हसलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. "लेकीवर किती जीव! स्वतःची शर्यत पोरीला देऊन टाकली!" "बाप असावा तर असा!" अप्पा म्हणत होते, "आरं, खरंच सांगायलो," आणि त्यांचे डोळे भरून आले, तशा टाळ्या आणखी वाढल्या. वरातीमागून आलेल्या घोड्याला कोण विचारतो? अप्पांचा मोठेपणा आणखी वीतभर वाढला, एवढाच त्या खऱ्याचा उपयोग.

बाई वकिलांकडे वळल्या. "काका, तुम्ही फाटकावर मला पाहिलं होतं. सांगा यांना."

वकील चष्मा पुसू लागले. "अगं, इतकी वर्षं झाली. धूळही किती होती तेव्हा."

"बसा गाडीत," बाई म्हणाल्या, आणि दंड धरून त्यांना बसवलंच. मुरमावर गाडी अशी पळवली की वकिलांनी दोन्ही हातांनी समोरची फळी धरली.

"हळू, मंजू! पाहिलं होतं मी. तूच होतीस."

बाईंनी गाडी थांबवली. "मग बोलला का न्हाईत?"

"काय बोलणार होतो? चन्नबसप्पाकडून हरलो, एवढं चारचौघांत सांगता येत होतं. एकोणीस वर्षांच्या पोरीकडून हरलो, हे कोर्टात कळलं असतं तर माझं हसं झालं असतं."

"आता सांगा."

"सांगतो," वकील म्हणाले. बाईंनी विश्वास ठेवला आणि गाडी सावकाश मांडवाशी आणली.

वकील उतरले. शर्ट नीट केला. वीरेशनं माइक पुढे धरला. वकील म्हणाले, "अप्पांनी गाडी फार सुंदर ठेवली आहे हो. इंजिन अजून तसंच आहे." आणि जाऊन अप्पांच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

बाईंना ओळखणारे आता त्या कडाडण्याची वाट बघत होते. बाई कडाडल्या नाहीत. त्यांनी गिअर टाकला. चाकाखालचा मुरूम उडून मांडवात पडला. "आत्या, काय करायलीस? अज्जाला तर घेऊन जा!" म्हणत वीरेश मागे पळाला, पण गाडी थांबली नाही. अप्पा हार हातात घेऊन बसून होते. संध्याकाळी त्यांना वीरेशनं घरी सोडलं.