मापाचा ब्लाउज आणि कमलताईंचा प्रिंटर

वायर माझ्या हातात होती आणि ती खुपसायला लॅपटॉपला जागाच नव्हती.

मी लॅपटॉप उचलून दोन्ही बाजूंनी पाहिला. चार्जिंगचं एक बारीक चपटं छिद्र इकडं, तसंच एक तिकडं. बस्स. प्रिंटरच्या वायरीची जुनी रुंद पिन त्यात जाणं शक्य नव्हतं. खिशातल्या पेनड्राइव्हची पिनही तेवढीच रुंद.

"काय गं, बसंना का?" कमलताईंनी विचारलं.

"बसतंय ताई. दोन मिनिटं."

आमच्या लाइनमध्ये ‘दोन मिनिटं’ म्हणायला पहिल्याच दिवशी शिकवतात.

मी औरंगपुऱ्यातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात सर्व्हिस इंजिनिअर आहे. बीसीए केलंय, फर्स्ट क्लासमध्ये. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. वडील चितेगावच्या एका कंपनीत लोडिंगला आहेत. ‘माझी पोरगी इंजिनिअर आहे’ हे तिथल्या वॉचमनपासून सुपरवायझरपर्यंत सगळ्यांना पाठ झालंय. मलाही ते ऐकायला आवडतं. कष्टानं मिळवलेल्या गोष्टीला लाजायचं कशाला?

त्या दिवशी सकाळी सरांनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, बिडकीन गावचा कॉल, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन करायचं काम, दिलं. "घरचा प्रिंटर लॅपटॉपला जोडायचाय. अर्ध्या तासाचं काम. येताना चितेगावला कंपनीतला बारकोड प्रिंटर बघ. एकच्या आत तिथं पोच."

कमलताई ब्लाउज शिवतात. पुढची खोली हेच त्यांचं दुकान. शिक्षण सातवीपर्यंत, पण बिडकीनमध्ये लग्न निघालं की नवरीचा ब्लाउज त्यांच्याकडंच येतो. या वेळी गल्लीतल्याच वैष्णवीचं लग्न होतं. उद्या हळद, परवा लग्न. तिला पाठीवर कमळाच्या पाकळीसारखा गळा हवा होता. कमलताईंची मुलगी पुण्याला असते. तिनं एका साइटवर वैष्णवीचं माप टाकून त्या डिझाइनची फाइल बनवून पाठवली. चार पानं छापायची, चिकटपट्टीनं जोडायची, की कागदी साचा तयार. टेलरिंगमध्ये त्याला पेपर कटिंग म्हणतात. कागद कापडावर ठेवायचा, त्याच्या कडेनं कापायचं.

आणि कापड होतं पैठणीचं. पैठणीचा ब्लाउजपीस साडीलाच विणलेला येतो. एकच. तो बिघडला तर हुबेहूब तसा दुसरा आणायचा कुठून? साडी वैष्णवीच्या आईनं हौसेनं घेतलेली, आणि पीस कमलताईंच्या मांडीवर.

"गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घ्यायचं ना," मी म्हणाले.

"त्यो कुठं हाय? शटर लावून स्वतःच कुणाच्या तरी वऱ्हाडात गेलाय. म्हून तर तुला बोलीवलं."

प्रिंटर मुलीच्या कॉलेजच्या वेळचा, पण चांगला होता. आधी तो जुन्या डेस्कटॉपला वायरीनं जोडलेला असायचा. डेस्कटॉप बंद पडला आणि मुलीनं हा हलका लॅपटॉप पाठवला. हलका म्हणजे वजनालाही आणि आतूनही. याच्यात सगळं काम इंटरनेटच्या ब्राउझरमध्येच चालतं. नेहमीच्या कॉम्प्युटरवर आम्ही ड्रायव्हर टाकतो. प्रिंटरची भाषा कॉम्प्युटरला कळवणारा तो एक छोटा प्रोग्राम. माझ्या पेनड्राइव्हमध्ये असे पन्नास तरी ड्रायव्हर होते. हा लॅपटॉप बाहेरचा असा प्रोग्राम घरातच घेत नाही. वायर निकामी, पेनड्राइव्हही निकामी. राहिलं वायफाय.

प्रिंटरला वायफाय होतं, पण पासवर्ड टाकायला स्क्रीन नव्हती. अशा मशिनला एक युक्ती असते. प्रिंटरचं वायफायचं बटण दाबून धरायचं. निळा दिवा लुकलुकायला लागला की दोन मिनिटांच्या आत राऊटरचं जोडणीचं बटण दाबायचं. मग दोघं एकमेकांना ओळखतात, पासवर्ड लागत नाही.

राऊटर वरच्या मजल्यावर होता, कमलताईंच्या धाकट्या जावेकडं. कमलताई जिन्यात जाऊन ओरडल्या.

"मंदे! राऊटरपाशी जा गं!"

"काय पाशी?"

"त्ये नेटचं डबडं! कपाटावरचं!"

"त्याला काय झालं?"

"काय नाय झालं! त्याचं बटन दाब!"

मंदाताईंनी दाबलं. नेमकं बंद करायचं. घरभराचं नेट गेलं आणि वरून सासऱ्यांचा आवाज आला, "कुणी बंद केलं रे? क्रिकेटची म्याच चालू व्हती माझी!"

"मामंजी, इंजिनिअर बाई आल्यात!" मंदाताईंनी खापर माझ्यावर फोडलं.

शेवटी मीच वर गेले. म्हाताऱ्यांची माफी मागितली, स्टुलावर चढले, राऊटर परत चालू केला आणि तो नीट सुरू होईपर्यंत थांबले. खाली प्रिंटरपाशी कमलताईंना उभं केलं होतं.

"ताई, धरा दाबून!"

"धरलं!"

"दिवा?"

"लुकलुकतोय!"

मी राऊटरचं बटण दाबलं. मंदाताई श्वास रोखून माझ्याकडं बघत होत्या. खालून हाक आली, "थांबला गं! आता सरळ पेटलाय!"

खाली येऊन लॅपटॉप उघडला. यादीत प्रिंटरचं नाव आपोआप आलं होतं. एक क्लिक केलं, फाइल उघडली, चार पानं छापून बाहेर. कमलताईंनी टाळी वाजवली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पहिल्या पानाच्या कोपऱ्यात एक रिकामा चौकोन छापला होता. मी शहाणपणा केला. "ताई, मुलीला सांगा हा चौकोन काढून टाकायला. उगीच शाई वाया."

तेवढ्यात सरांचा फोन. "झालं का?"

"झालं सर. निघतेच."

मी जॉबकार्ड काढलं. काम झालं म्हणून गिऱ्हाइकाची सही घ्यायचा तो कागद. कमलताईंनी चिकटपट्टीनं पानं जोडली, कडेनं कापून साचा मोकळा केला आणि पैठणीचा पीस दुमडून पसरला. कात्री हातात घेतली.

"कापू का?"

"कापा की. छापून आलंय म्हणजे बरोबरच असणार."

कात्री कापडापर्यंत गेली आणि थांबली.

"तू शिकलेली हायस माय. पण मापाचा ब्लाउज ठिवल्याबगर माझी कात्रीच चालत नाय."

मापाचा ब्लाउज म्हणजे अंगाला नीट बसणारा जुना ब्लाउज. शिवायला देताना तो सोबत द्यायचा, टेलर त्यावरून माप घेतो. वैष्णवीचा ब्लाउज त्यांनी चार पदरी दुमडला आणि कागदावर ठेवला. ब्लाउजची कड थेट कागदाच्या कडेला भिडली, शिलाईला जागाच उरली नाही.

"कमी हाय," त्या म्हणाल्या.

"ब्लाउज वापरून सैल झाला असेल ताई." माझं एक पाऊल दाराकडं होतं.

"ब्लाउज सैल झालाय, का तुझा कागद आटलाय?" त्यांनी गळ्यातला टेप काढला. "आता शिलाई धर. इथं अर्धा इंच, असे चार भाग. दोन इंच गेले. छत्तीसच्या पोरीला चौतीसचा ब्लाउज. स्टेजवर हुक तुटले तर तू लावशील का?"

मी दाराकडचं पाऊल मागं घेतलं.

"आन् ह्या तुझ्या वाया शाईच्या चौकोनाखाली काय लिवलंय बारीक?"

इंग्रजीत होतं. मी वाचलं आणि माझे कान गरम झाले. ‘छापल्यावर हा चौकोन मोजा. बाजू पाच सेंटिमीटर भरली पाहिजे.’

कमलताईंनी टेप लावला. चार पूर्णांक सात.

मी बॅग खाली ठेवली. लॅपटॉपच्या छपाईच्या सेटिंगमध्ये गेले, जिथं आधीच जायला पाहिजे होतं. तिथं कागदाचा आकार ‘लेटर’ होता. हा अमेरिकेतला कागद. आपल्या ए-फोरपेक्षा थोडा रुंद, पण उंचीला कमी. आपलं उंच पान त्या बुटक्या पानात मावावं म्हणून लॅपटॉपनं सगळं चित्र आवळलं होतं. कुणाला न विचारता. मजकूर असता तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मी आकार ए-फोर केला, स्केल, म्हणजे छपाईचं प्रमाण, शंभर टक्के केलं आणि परत छापलं.

टेप कमलताईंनीच लावला. पाच. बरोबर पाच. नवा साचा तयार झाला, त्यावर मापाचा ब्लाउज ठेवला. शिलाईपुरती जागा सोडून चारी बाजूंनी बसला.

मग त्यांनी पैठणी कापली. कात्रीचा तो करकर आवाज ऐकताना मीच घामाघूम झाले होते.

बाहेर येऊन सरांना फोन लावला. "सर, आत्ता झालं."

"मघाशी झालं म्हणालीस ना?"

"मघाशी छापलं होतं सर. झालं नव्हतं."

चितेगावला पोचायला दोन वाजले. तिथल्या सुपरवायझरनं घड्याळ दाखवलं. मी ऐकून घेतलं.

निघताना कमलताईंनी ड्रॉवरमधून एक जुना टेप काढून माझ्या हातावर ठेवला होता. "तुझ्या पान्यापकडीत ठिव." तीन दिवसांनी मोबाइलवर फोटो आला. वैष्णवीची पाठ, त्यावर कमळाची पाकळी, सगळे हुक जागेवर.

तेव्हापासून प्रिंटर जोडला की मी आधी पाच सेंटिमीटरचा चौकोन छापते आणि मोजते. जॉबकार्डावर ‘प्रिंट आलं’ असं लिहीत नाही, ‘मोजून दिलं’ असं लिहिते. सरांनी बॅगेत टेप पाहिला तेव्हा दुकानभर हसले. "काय मॅडम, शिवणक्लास लावला का?"

मी टेप परत बॅगेत टाकला. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला, लेबल छोटी छापली जातायत म्हणून. सरांनी तो प्रिंटर जोडला होता, स्वतः. ते बॅग उचलून निघाले, दारातून परत फिरले आणि माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "तो टेप दे गं जरा."

दिला. संध्याकाळी आठवणीनं परतही घेतला.